बर्फात आलेला मुहूर्त

१५ जानेवारी, शुक्रवार

मुहूर्त निघाला! २४ तारीख, रविवार, सकाळचा. अस्थी वेचायचं काम करणारे ल्याऊ वस्ताद पंचांग बगलेत मारून आले, चष्मा पुसला, परत पुसला, तांदळाच्या खाऱ्या गोळ्यांच्या दोन वाट्या रिचवल्या आणि मग तोंड उघडलं. मी आपली त्यांच्या बोटाकडे बघत बसले. बोट पानावरून खाली येतं, थांबतं, परत वर जातं. जीव नुसता टांगणीला.

ह्यांना टेकडीवर मातीत ठेवून आठ वर्षं होऊन गेली. आता ह्यांच्या अस्थी वेचायच्या, पुसून-वाळवून रांजणात बसवायच्या आणि घराण्याच्या अस्थिघरात न्यायच्या. तिथे सासू-सासरे आहेत, थोरले दीर आहेत. ह्यांच्या शेजारचा कोनाडा माझा. मला काही मातीत ठेवणार नाहीत, आता ती पद्धत बंद झाली, जाळून राख करतात. राख तर राख. पण शेजार पाहिजे. आणि हे सगळं मी धडधाकट असताना, माझ्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. ऐंशी उलटली, उद्याचं काय सांगावं.

वस्ताद म्हणाले, "वहिनी, एक आधीच बोलून ठेवतो. त्या अंगाची जमीन चिकणमातीची. कधी कधी माती माणसाला लवकर सोडत नाही, हाडं मोकळी होत नाहीत. तसं निघालं तर बघायचं नाही, झाकायचं आणि आणखी सहा-सात वर्षं थांबायचं."

मी म्हटलं, "सोडेल हो. ह्यांना एका जागी राहायची सवय कधी होती?"

दुसरी अडचण माझीच. आमच्या पंचांगात दिवसाला आणि सालाला एकेक प्राणी असतो; तो दिवस आहे बैलाचा आणि माझा जन्म मेंढीच्या सालातला. दोघांचं जमत नाही. माती उघडताना मी तिथे असायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. पहिलं हाड वर आलं की दोष सरला, मग यायचं. तोवर खाली चहाच्या खोपीत पाठ करून बसायचं.

बसेन. आठ वर्षं बसले, त्यात आणखी थोडं.

१८ जानेवारी, सोमवार

थोरल्याचा, क्वांगचा फोन. व्हिएतनामच्या कारखान्यातून रजा मिळाली. शनिवारी येतो, मंगळवारी परत. थोरल्या मुलाने छत्री धरावी लागते, हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं. म्हटलं, छत्री मी आणून ठेवलीय, काळी. तू फक्त हात घेऊन ये.

२० जानेवारी, बुधवार

रात्रशाळेतल्या बाई म्हणतात, रोज लिहा, चुकलं तरी लिहा. काल लिहिलं नाही. काल धाकट्याच्या बायकोबरोबर, सू-फेनबरोबर मोहरीचा पाला मिठात दाबत होते. हाताला मीठ लागलं की पेन धरवत नाही.

आज खोपीत चहा ठेवायला गेले होते. गुडघा कुरकुरला, पण गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पायऱ्यांवरून कोळसा आणि चहा खाली यायचा. बायका पाठीवर टोपली घेऊन उतरायच्या, चढणीवर बसायला एक दगडी खोपी, आणि खोपीत आमच्या सासूबाईंची चहाची किटली. चहाची पाणपोईच म्हणा. कुणीही यावं, प्यावं, वाडगा विसळून पालथा ठेवावा. सासूबाई गेल्या, किटली माझ्याकडे आली. आता कोळसा नाही, टोपल्या नाहीत. सरकारने वाटेला लाकडी कठडे लावले, झाडांना नावाच्या पाट्या लावल्या, आणि शहरातली माणसं निसर्ग बघायला येतात. दोन-दोन काठ्या हातात आणि पाठीवर ओझं काहीच नाही! पण चहा पितात, वाडगा विसळतात. मग आपली तक्रार नाही.

खोपीच्या वर वळण आहे. तिथे कापराचं मोठं झाड, आणि झाडाच्या दोन बाजूंना दोन थडगी. एक ह्यांचं. दुसरं कुणाचं कोण जाणे. मोठ्या भूकंपात त्याचा दगड पालथा पडला, तेव्हापासून कुणी उचललाही नाही आणि कुणी फिरकलंही नाही. वसंतात आम्ही ह्यांच्याकडचं गवत काढतो तेव्हा मी तिथलंही मूठभर उपटते, एक वडी ठेवते. शेजारी आहे. आपण खायचं आणि शेजाऱ्याने बघायचं, बरं दिसत नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

वस्ताद येऊन ह्यांचा दगड आडवा करून गेले. अगोदर करावा लागतो. तोंड मातीकडे — आपलं घर मोडताना नावाने बघू नये म्हणून. वर बांबूला लाल फडकं बांधून खूण केली. धाकटा, मिन, बरोबर होता. मी लांबून पाहिलं. छातीत धडधडलं. लग्नाच्या आदल्या दिवशी असंच धडधडलं होतं.

टीव्हीवर सारखं थंडी-थंडी चाललंय. तळ्यातले मासे मरतील म्हणे. आणि म्हणे आपल्यासारख्या बुटक्या डोंगरांवरही बर्फ पडेल.

मिन म्हणाला, "आई, आपल्याकडे बर्फ पडला तर मी उघडा होऊन गावाला फेरी मारीन."

सू-फेन म्हणाली, "नको. गावाने काय पाप केलंय?"

२३ जानेवारी, शनिवार

क्वांग आला. वाळला आहे. डुकराचं मटण आणि सुकवलेली मोहरी तीनदा घेतली, मग म्हणतो पोट बिघडेल. बाहेर सुया टोचाव्यात तसा पाऊस. छत्री एकदा उघडून पाहिली, ठीक आहे.

२४ जानेवारी, रविवार

बर्फ पडला. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सकाळी दार उघडलं तर वाटलं, अंगणात कुणी तांदळाचं पीठ सांडलंय. मग बघते तो छपरावरही पीठ, पपईच्या डोक्यावरही पीठ. केळीची पानं वाकून भुईला लागलेली. कोंबडा खुराड्याच्या दारात आला, एक पाय बाहेर टाकला, उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही हे मीच केलंय! मी मूठभर उचलून तोंडात टाकलं. चव काहीच नाही. नुसतं गार. पण दातांत कुरकुरलं. एवढं आयुष्य गेलं, आणि हे राहिलं होतं की!

मिनला म्हटलं, "चला, कपडे काढा." तो घरात पळाला. क्वांग हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

वस्ताद वेळेवर आले. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. म्हणाले, "वहिनी, हे पंचांगात नव्हतं."

"मग, जायचं का नाही?"

"मुहूर्त आहे तो आहे. पुढचा ह्या दोन मुलांना आणि तुमच्या ह्यांना, तिघांना जुळणारा लवकर नाही. तुम्ही सांगाल ते."

क्वांग म्हणाला, "माझी रजा मंगळवारपर्यंतच." मग काय, निघालो. मिनच्या पाठीवर रांजण, क्वांगच्या काखेत छत्री, सू-फेनकडे लाल कापड आणि पुसायला कागद, वस्तादांकडे कुदळ आणि ब्रश. माझ्याकडे काठी. वाट ओळखू येईना. कठड्यावर बोटभर पांढरं, पाट्यांची नावं झाकलेली, झाडांसारखे वाढलेले ते मोठे नेचे पांढऱ्या छत्र्या उघडून उभे. आवाज नाही कसला. आमची माणसं बोलत होती तीही देवळात बोलल्यासारखी. मी मनात म्हटलं, अहो, बघा तरी, तुम्हाला न्यायला काय थाटाने चाललोय.

खोपीपाशी मी थांबले. पुढे वळणावर बांबूचं बेट बर्फाने वाकून वाटेवर आडवं पडलं होतं. मिन म्हणाला, मागून चढून वरच्या बाजूने उतरतो. गेले. मी टेकडीकडे पाठ केली आणि चूल पेटवली. नळ गोठलेला, तेव्हा किटलीत बर्फच भरला. किटलीभर बर्फाचं वाडगाभर पाणी होतं — हे मला कुणी सांगितलं नव्हतं! परत भरला. परत वाडगाभर.

तोवर माणसं यायला लागली. बातमी फोनाफोनी पसरलेली. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग. कुणी कापडी चपला घातलेल्या, कुणी मोज्यांवर पिशव्या, एका बाईने तर अंघोळीच्या टोपीने डोकं झाकलेलं.

एक पोरगी म्हणाली, "आजी, हा चहा कितीला?"

"बर्फाचा आहे. आभाळाला विचार."

"तुम्ही टेकडीकडे पाठ करून का बसलात? सगळी मजा तर तिकडे आहे."

"माझा नवरा कपडे बदलतोय," मी म्हटलं. ती हसत सुटली. काय चुकीचं बोलले?

एक म्हातारा, माझ्याहून जरा धाकटा असेल, हातात बर्फाचा गोळा घेऊन नुसता उभा. खात नाही, फेकत नाही. मी विचारलं, "काय हो, कुणासाठी?"

"बायको गाडीत आहे. तिला पायऱ्या झेपत नाहीत."

"मग उभे काय राहिलात? पळा." पळाला. पळता पळता घसरला, गोळा मात्र वर धरलेला.

मी इतकी खूश होते. खोटं का लिहू. गुडघा दुखत नव्हता, थंडी वाजत नव्हती. वाटत होतं, आता वरून हाक येईल, मी जाईन, आणि ते असतील. कसेही असतील. हे वरच्या डोंगरात लाकूडतोडीला जायचे तेव्हा महिना-महिना यायचे नाहीत. मी संध्याकाळी ताट झाकून दाराशी बसायची. यायचे ते असे अवचित, सालीचा वास घेऊन. तसंच वाटत होतं.

सू-फेनची हाक आली, "आई, या!"

गेले मी. हाता-पायांवर चढले म्हटलं तरी चालेल. क्वांगने छत्री धरलेली, काळ्या छत्रीवर पांढरा थर. खाली लाल कापडावर हाडं पायापासून ओळीने मांडलेली. वस्ताद एकेक पुसत होते. छान होती हाडं, सुकी, पिवळसर, जुन्या बांबूसारखी. मी खाली बसले. "काय हो, आलात?" म्हटलं, आणि डाव्या पायाची नळी हातात घेतली.

ती सरळ होती.

ह्यांच्या पायावरून ओंडका गेला होता, आमचा मिन पोटात असताना. हाड जुळलं, पण वाकडं. मध्ये सुपारीएवढी गाठ. थंडी पडली की ठणकायची. मी आयुष्यभर तिथे तेल चोळलंय. माझ्या बोटांना ती गाठ अंधारात सापडते. मी वरून खाली हात फिरवला, खालून वर फिरवला. दुसरी नळी घेतली. तीही सरळ.

"हे नव्हेत," मी म्हटलं.

क्वांग म्हणाला, "आई, गारठलीस तू."

"बोटं गारठलीत, मी नाही. हे तुझे बाबा नव्हेत."

वस्तादांनी ब्रश खाली ठेवला. मिनला विचारलं, "जागा कशावरून दाखवलीस?"

"कापराच्या डावीकडे. कायम डावीकडेच आहे ना. आणि खोदल्यावर पालथा दगड लागला की! तुम्हीच म्हणालात, हाच."

"डावीकडे — कुठून बघून?"

मिनने वरच्या चढणीकडे बघितलं, मग खाली वाटेकडे. आम्ही जन्मभर खालून येतो. आज ते वरून उतरले होते. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. आणि वर-खाली सगळं पांढरं, दोन्ही दगड पालथे. ज्या एका बाईला झोपेतही चुकलं नसतं ती खाली पाठ करून चहा उकळत होती.

मिनने पलीकडे जाऊन हातांनी बर्फ उपसला. लाल फडकं निघालं, बांबू आडवा पडलेला. तिथे माझे हे, शांत, कुणी हात न लावलेले. मग दोघा भावांनी इकडचा दगड उलटा केला. वस्तादांनी वाचलं — वून. आडनाव तेवढं. खालचा तुकडा कधीच निखळलेला.

खालून पोरांचा हसण्याचा आवाज येत होता. 

मग क्वांग म्हणाला, "परत ठेवा. माती ओढा. आणि बाबांचं उघडा."

वस्ताद म्हणाले, "वेळ टळली. आणि आभाळ पाहिलेलं हाड त्याच खड्ड्यात परत जात नाही."

"कुणाला कळणार आहे? ह्याला विचारायला आठ-दहा वर्षांत कुणी आलंय का?"

"तुझ्या बाबांना कळेल," मी म्हटलं. "शेजारी आहेत."

"आई, मी ह्याच्यासाठी समुद्र ओलांडून आलो नाही."

"ते पण तुला बोलवायला आले नव्हते. रांजण आणा."

मिन हळूच म्हणाला, "रांजणाच्या झाकणात बाबांचं नाव लिहिलंय."

"मग पुसा."

क्वांगने छत्री टाकली आणि झाडाकडे चालता झाला. वस्तादांनी हात थांबवला नाही. पावलं खाली, मग नळ्या, मांड्या, कणा, माणूस उकिडवा बसतो तसं. डोक्याची कवटी शेवटी. ती उघड्यावर होती, बर्फाचे बारीक कण पडत होते तिच्यावर, विरघळत नव्हते. मी गळ्यातल्या फडक्याने पुसायला गेले, तर वर काळी छत्री आली. क्वांग परत आला होता.  झाकण बसेपर्यंत धरून उभा राहिला.

उतरायच्या आधी मी पलीकडे गेले. बर्फावर हात ठेवून सांगितलं, आज नाही जमलं. राग मानू नका.

२५ जानेवारी, सोमवार

पाहुणा चहा वाळवायच्या पडवीत आहे. अस्थिघरात आमच्या फान घराण्याशिवाय कुणाला ठेवत नाहीत, आणि विचारायला गेलो तर चुलत दीर वर्षभर भाषण देतील. पडवी कोरडी आहे. सकाळी पहिला वाडगा तिथे ठेवला. पुरुष आहे, एवढं वस्तादांनी सांगितलं. म्हातारा नव्हता, दात सगळे शाबूत.

 मिन भाताकडे बघून जेवला. सू-फेन त्याला म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस का?" तर तो म्हणतो, "मुद्दाम केलं असतं तर बरं. निदान अक्कल तरी असती."

वस्तादांचा फोन आला. त्यांनी पैसे परत — जाऊ दे, ते लिहायचं नाही. ते म्हणाले, चाळीस वर्षांचा धंदा, तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी म्हटलं, तोंड कुणाला दाखवायचंय, तुमचं काम खाली तोंड करूनच चालतं. हसले नाहीत. पण पुढचा मुहूर्त शोधतो म्हणाले, क्वांगला सोडून बाकीच्यांना जुळणारा मार्चमध्ये एक बसतोय. त्यात माझ्या सालाचा दोष येत नाही. थोरला नसला तर त्याचा सदरा धाकट्याच्या अंगात, म्हणजे चालतं.

बर्फ दुपारी वितळला. चिखल राहिला.

२६ जानेवारी, मंगळवार

क्वांग गेला. पहाटे उठून पडवी झाडून काढली त्याने, कुणी सांगितलं नव्हतं. निघताना अंगातला निळा सदरा काढून खुंटीला लावला, आतला बनियन आणि वर जाकीट घालून गेला. म्हणाला, "आई, मला राग पाहुण्याचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"मला वाटलं होतं, मी बाबांना हाताने उचलीन."

मी त्याच्या हातात उकडलेली रताळी दिली. दुसरं काय देणार. गाडी वळेपर्यंत उभी होते.

३१ जानेवारी, रविवार

बर्फ सुंदर असतो आणि नंतर दुष्ट. केळी काळ्या पडल्या. पपई मऊ होऊन गळली. वाटेवरचे मोठे नेचे वाळक्या झाडूसारखे लोंबतायत. कोंबडा बरा आहे.

खोपीत आता रविवारी माणसं येतात आणि विचारतात, बर्फ कुठे पडला होता? मी हात फिरवून सगळा डोंगर दाखवते. एक बाई निराश झाली. म्हणाली, काहीच उरलं नाही का? चहा प्या, म्हटलं.

८ फेब्रुवारी, सोमवार

आमचं नवं वर्ष. पूर्वजांना ताटं मांडली. एक ताट पडवीत नेलं. मिन बघत होता, मग त्यानेच दारूचा पेला नेऊन ठेवला.

२ मार्च, बुधवार

वून आडनावाचं कुणी असेल तर यावं, अशी सूचना डोंगराखालच्या देवळात लावून महिना झाला. कुणी आलं नाही. देवळाच्या पुजाऱ्यांनी बेवारशांच्या खोलीत जागा दिलीय. मी म्हटलं, बेवारशी कसा, आमच्याकडे नवं वर्ष जेवलाय. ते म्हणाले, आजी, मग पाटीवर काय लिहू? मी म्हटलं, लिहा — वून, फान मंडळींचा शेजारी. लिहिलं त्यांनी. अक्षर चांगलं आहे.

पडवी मोकळी झाली तर मला चुकल्यासारखं वाटलं. सकाळी वाडगा भरून तिकडे निघाले होते.

रांजण ह्यांच्यासाठी दुसरा आणला. पहिल्याहून जरा उंच. हे उंचच होते.

१२ मार्च, शनिवार

उद्या. आज मी स्वतः वर जाऊन कापराच्या झाडाखाली उभी राहिले आणि मिनला दहादा दाखवून घेतलं. खालून, वरून, दोन्ही बाजूंनी. शेवटी म्हणाला, आई, आता मी आंधळा होऊन आलो तरी चुकणार नाही. झाडांना पालवी आली आहे. माती मऊ आहे. मी केस धुतले.

क्वांगचा फोन. सदरा इस्त्री केलास का? म्हणतो. केला.

१३ मार्च, रविवार

उघडलं. मी जवळ होते, मला अडवणारा दोष नव्हता. वस्तादांनी पेटीच्या झाकणाला फट करून आत एकदाच पाहिलं आणि झाकण खाली दाबलं. मिनला म्हणाले, छत्री मीट. मला म्हणाले, "वहिनी, बघू नका. मातीने अजून सोडलेलं नाही. सहा-सात वर्षं तरी." मी पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून माती ओढली.

क्वांगला फोनवर सांगितलं.  मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी छत्री धरून हे बघितलं असतं." मी म्हटलं, हो.

सहा-सात वर्षं काही माझ्याकडे नाहीत. म्हणजे अस्थिघरात आधी मी. हे येतील तेव्हा येतील, सवडीने. तिथेही ताट झाकून दाराशी मीच बसायचं. बसेन. सवय आहे.